पाव भाग मेण, पाऊण भाग लासूरकर

सदाशिवराव लासूरकरांनी सत्तावीस वर्षं त्वचेची काळजी घेतली, पण ती भिंतींच्या. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत रंगाचा एक कारखाना होता आणि त्याच्या प्रयोगशाळेत ते तपासनीस होते. रंग बनवणारे दुसरे. सदाशिवरावांनी पत्र्याच्या तुकड्यावर त्या रंगाचा पट्टा ओढायचा, तो किती वेळात वाळतो ते घड्याळात बघायचं, नखानं खरवडायचा, गच्चीवर उन्हात ठेवायचा आणि मग कागदावर 'मंजूर' किंवा 'नामंजूर' लिहून खाली लफ्फेदार सही ठोकायची. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः चमचाभरसुद्धा रंग बनवला नाही. परीक्षकानं पेपर सोडवायचा नसतो, अशी ते स्वतःची समजूत घालत.

पंचावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते सिडकोतल्या आपल्या घरी बसले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी वरणाचा एक थेंब तिरप्या ताटलीवरून ओघळू देऊन "घट्टपणा कमी आहे" असा शेरा मारला. कालिंदीबाईंनी शांतपणे पळी त्यांच्या हातात दिली.

"मग तुम्हीच करा की. आयुष्यात एक तरी वस्तू करून दाखवा, मग आम्ही तपासतो."

बायको रागावून बोलली असती तर सदाशिवराव संध्याकाळपर्यंत विसरले असते. ती शांतपणे बोलली, म्हणजे खरं बोलली. त्या दुपारी पडल्या पडल्या त्यांनी आठवून पाहिलं, की आपण आजवर नेमकं काय बनवलं. शाळेत हस्तकलेची टोपली आईनं विणून दिली होती. मुलीचा आकाशकंदील दरवर्षी समोरचे आप्पासाहेब करून द्यायचे आणि सदाशिवराव त्याच्या कडा सरळ नाहीत हे दाखवून द्यायचे. जगात एक करणारी माणसं असतात आणि एक नावं ठेवणारी. आपण दुसऱ्या जातीतले, आणि तेही पेन्शनीला आलेले, हे त्यांना भिंतीकडे बघता बघता कळलं. भिंतीचा रंग मात्र उत्तम होता.

आता इथं वाणाचा विषय येतो. संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना काहीतरी छोटी वस्तू द्यायची, ते वाण. कुणी काय लुटलं हे कॉलनीतल्या बायका वर्षभर लक्षात ठेवतात. कालिंदीबाईंचं दुर्दैव असं की, घरात तपासनीस आहे म्हणून वस्तू निवडायचं काम त्यांनी नवऱ्यावर सोपवलं होतं. दोन वर्षांपूर्वी सदाशिवरावांनी कुंकवाच्या हवाबंद डब्या आणल्या. त्या इतक्या हवाबंद होत्या की एकदा लावलेलं झाकण पुन्हा निघालंच नाही. समोरच्या प्रमोदिनीताईंचं कुंकू अजून त्या डबीत आहे. मागच्या वर्षी प्लॅस्टिकच्या गाळण्या आणल्या. त्या मिठाच्या पाण्यात, लिंबाच्या रसात आठ आठ दिवस बुडवून तपासल्या होत्या. चहा गरम असतो हे तेवढं तपासायचं राहिलं. कॉलनीतल्या पंचेचाळीस घरांत एकाच आठवड्यात गाळण्यांना भोकं पडली, म्हणजे गाळणीला असतात त्याहून मोठी.

तेव्हापासून प्रमोदिनीताई कालिंदीबाईंना भेटल्या की मायेनं विचारायच्या, "यंदा भाऊजी काय शोधून काढणार आहेत?" त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी माया केली की ती सगळ्या कॉलनीला ऐकू जायची.

तर दिवाळी उलटल्यावर एका सकाळी सदाशिवरावांनी जाहीर केलं, "यंदाचं वाण मी स्वतः बनवणार. व्हर्जिन कोकोनट ऑइलचं क्रीम. थंडीत बायकांचे हातपाय उलतात. घाण्याचं नाही, तापवलेलं नाही, ओल्या खोबऱ्याच्या दुधातून काढलेलं शुद्ध तेल. त्यातले गुण त्वचेला..."

"तुम्हाला त्वचेतलं काय कळतं हो?"

"भिंत म्हणजे काय वेगळं असतं? तीही उन्हानं तडकते, ओलीनं फुगते, आणि वय झालं की पोपडे येतात."

कालिंदीबाईंनी वाटीतली मोहरी तशीच ठेवली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. "हे बघा, दोन वर्षं मी हसं करून घेतलंय. या वेळी नाही झालं तर मी हळदीकुंकूच बंद करणार आहे. मी थट्टेनं नाही सांगत."

त्या थट्टेनं सांगत नव्हत्या हे सदाशिवरावांना कळलं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती आणि हळदीकुंकू हा कालिंदीबाईंचा वर्षातला एकमेव असा दिवस होता, जेव्हा घर त्यांच्या एकटीच्या नावानं भरायचं. सदाशिवराव म्हणाले, "होईल." म्हणाले खरे, पण आवाज सही करतानाचा नव्हता.

संध्याकाळपर्यंत प्रमोदिनीताईंना कळलं. म्हणजे सगळ्यांना कळलं. परतीची वाट बंद झाली.

आता तेल काढायचं तर नारळ हवेत. आपल्याकडे नारळ काही झाडाला लागत नाही, तो ओटीत येतो. लासूरकरांच्या पलंगाखाली असे एकोणीस नारळ होते. नवरात्रातले, लग्नांतले, डोहाळजेवणातले, वास्तुशांतीचे. ओटीचा नारळ सहसा फोडत नाहीत, पुढच्या ओटीत घालतात, त्यामुळे काही नारळ माणसांपेक्षा जास्त घरं फिरलेले असतात. एका नारळाच्या शेंडीला कालिंदीबाईंनी जांभळा दोरा बांधून ठेवला होता, कारण तो तिसऱ्यांदा घरी आला होता आणि त्यांना तो चौथ्यांदा येतो का ते बघायचं होतं.

कालिंदीबाई भाचीच्या साखरपुड्याला दोन दिवस पैठणला गेल्या. सदाशिवराव वाकून पलंगाखाली बघतात तर कच्चा माल तयार.

त्यांनी एकोणीसच्या एकोणीस फोडले. सातांतून पाणीच निघालं नाही, आतल्या आत गोटा होऊन खडखडत होता. चारांतून जे निघालं त्याला पाणी म्हणणं धाडसाचं होतं. पण सदाशिवराव शास्त्राचे माणूस. त्यांनी ठरवलं की पिवळं पडलेलं खोबरं म्हणजे पक्व खोबरं. किसलं, कोमट पाण्यात कालवलं, कालिंदीबाईंच्या पुरणाच्या फडक्यातून पिळून दूध काढलं आणि बरणीत घालून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खाली पाणी, वर साय आणि मधे तेलाचा थर दिसला. त्यांचा ऊर भरून आला. पंचावन्न वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी केलं होतं.

भांडी घासायला चतुराबाई आल्या. सदाशिवरावांनी त्यांच्यासमोर वाटी धरली. "चतुराबाई, जरा वास घेऊन सांगा."

चतुराबाईंनी वास घेतला आणि वाटी परत केली. "वास हाय."

"म्हणजे चांगला आहे?"

"हाय म्हनलं की. लई हाय."

"म्हणजे कसा?"

"सायेब, आमच्या गावाकडं एकदा कोनाड्यातल्या पणतीत दिवाळीचं तेल तसंच राहिलं. फुडच्या दिवाळीला सापडलं. तसला."

सदाशिवरावांनी वाटी नाकाशी नेली. त्यांना काहीच कळलं नाही. पुन्हा नेली. नाक बुडेल इतकी नेली. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि हिंगाची डबी उघडून हुंगली, लसूण ठेचून हुंगला. कुठूनतरी लांबून, शेजारच्या वाड्यात कुणी बोलावं तसा अंधुक वास आला. सत्तावीस वर्षं टर्पेंटाइनच्या डब्यांत डोकावून डोकावून त्यांचं नाक केव्हाच रजेवर गेलं होतं आणि ते त्यांना कुणी कळवलं नव्हतं. घरात फोडणी जळाली की ती आपल्याला नेहमी बायकोच्या आवाजावरून कळायची, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. तपासनीस म्हणून मिरवलो, आणि तपासायचं एक मुख्य यंत्रच बंद. स्वतःवर हसावं की काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते हसले.

"चतुराबाई, आजपासून तुम्ही आमचा वास विभाग."

"म्हंजी भांडी कोन घासनार?"

पैठणहून आल्यावर कालिंदीबाईंनी पलंगाखाली पाहिलं आणि त्या खालीच बसल्या. "जांभळ्या दोऱ्याचा कुठाय?"

"तोही."

"अहो, तो प्रमोदिनीताईंना द्यायचा होता. त्यांच्याकडूनच आलेला." मग त्यांनी बरणी उघडली, पदर नाकाला लावला आणि ते तेल बाहेर ठेवून आल्या. रात्रीत मांजरं कुंपणावरून फिरकली नाहीत एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

ताजे नारळ हवेत, हे सदाशिवरावांना पटलं. ताजे नारळ कुठं मिळतील याचा त्यांनी तर्कशुद्ध विचार केला. जिथं सर्वांत जास्त नारळ फुटतात तिथला माल पडून राहत नसणार. म्हणजे वेरूळ. सोमवारी सकाळी त्यांनी दोन मोठ्या पिशव्या घेऊन एसटी पकडली, घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं आणि देवळाबाहेर सांडू नावाच्या माणसाच्या हार-नारळाच्या दुकानासमोर उभे राहिले.

"तीस नारळ हवेत. पण ताजे. आतलं खोबरं ओलं हवं."

"लगीन हाय का अभिषेक?"

"क्रीम करायचंय. तोंडाला लावायचं."

सांडूनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग एक नारळ त्यांच्या हातात दिला. "हा धरा. जड हाय? चांगला हाय. ह्यो धरा. हलवा. खुळखुळ वाजतो, म्हंजी पाणी आटाय लागलं. अन् हा खडखड वाजतो, ह्यो गोटा झाला. देवाला काय, कोणताबी चालतो, देव हलवून बघत नाय. पण तोंडाला लावायचा तर बघून घ्यावं."

सदाशिवराव एक एक नारळ कानाशी धरून हलवू लागले. रंगाच्या कारखान्यात लाखाचं यंत्र होतं, तेही इतकं सोपं बोलत नसे. "तुम्ही हा माल कुठून आणता?"

"शहागंजातून. मंगळवारी अन् शुक्करवारी गाडी लागती, दक्षिणेतून. तुमी राहता कुठं?"

"सिडकोत."

"म्हंजी शहागंज मागं टाकून हितं आलात."

"हो."

"अन् शहागंजातलाच नारळ हितून परत शहरात नेनार."

"तसं दिसतंय."

 सांडूनं बाकड्यावरची जागा फडक्यानं पुसली. "बसा सायेब. चहा घ्या," तो म्हणाला. घरी कुणी गेलं असलं की माणूस ज्या आवाजात चहा विचारतो, त्या आवाजात.

मंगळवारी सदाशिवराव शहागंजात गेले. गाडीतून नारळ उतरत होते आणि ते ढिगाशी उकिडवे बसून प्रत्येक नारळ कानाशी धरत होते. व्यापारी गल्ल्यावरून बघत होता. "क्या साब," त्यानं विचारलं, "फोन लगा रहे क्या?" सदाशिवरावांनी मान डोलावली आणि पुढचा नारळ लावला.

हे दुसरं तेल मात्र पाण्यासारखं निघालं. डिसेंबरातल्या गारठ्यात दूध आंबेना, म्हणून सदाशिवरावांनी बरणीला आपला कारखान्यातला राखाडी स्वेटर घातला आणि बाह्या पुढून बांधल्या. कालिंदीबाई म्हणाल्या, "लेकीला एवढं जपलं नव्हतं." सकाळी चतुराबाईंनी वास घेतला, पुन्हा घेतला, मग बोट बुडवून टाचेला लावलं. त्यांच्या टाचा उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या चिरलेल्या होत्या. "याला नारळाचा वास हाय," त्या म्हणाल्या. सदाशिवरावांना आयुष्यात मिळालेलं ते पहिलं 'मंजूर'. आठवडाभरात टाचांच्या भेगा मऊ पडल्या. चतुराबाईंनी कुणी न विचारता पाऊल उचलून दाखवलं, आणि सदाशिवरावांनी चष्मा लावून ते बघितलं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. यानंतर सदाशिवरावांनी डोकं वापरलं.

नुसतं तेल डबीत भरून कसं द्यायचं, सांडेल. त्यात पाणी घालून क्रीम करावं तर चार दिवसांत बुरशी धरणार. रंगाच्या डब्यातही पाणी असलं की तेच होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा पाणी नको, मेण घालावं. मधमाश्यांचं मेण त्यांनी गुलमंडीजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणलं. पातेल्यात पाणी, पाण्यात भांडं, भांड्यात तेल आणि मेण, असं हळूहळू वितळवलं. आधी दहाला एक भाग मेण घातलं. डबी भरली, गार केली. मऊसूत जमली. कालिंदीबाईंनी बोट लावलं आणि दोन्ही कोपरांना चोळलं. दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता.

पण वस्तू तपासल्याशिवाय द्यायची म्हणजे काय. भर दुपारी सदाशिवराव डबी घेऊन गच्चीवर गेले आणि तिला पत्र्यावर ठेवलं. रंगाची खरी परीक्षा उन्हात होते. तासाभरात डबीत तेल झालं. त्यांनी मेण वाढवलं आणि पुन्हा पत्र्यावर ठेवली. पुन्हा वितळली. पुन्हा वाढवलं. चार दिवस गच्चीवर हे चाललं होतं. आप्पासाहेब समोरच्या गच्चीवरून विचारायचे, "लासूरकर, काय वाळत घालू लागले?" शेवटी पाव भाग मेण झालं तेव्हा डबी उन्हात दोन तास टिच्चून उभी राहिली. सदाशिवरावांनी तिला मनातल्या मनात सही दिली. वितळलेलं मिश्रण पंचेचाळीस डब्यांत ओतलं. ओततानाचं, गरम असतानाचं, कालिंदीबाईंनी तळहाताला लावलं आणि म्हणाल्या, "किती मऊ आहे हो." सदाशिवराव त्या दुपारी दोनदा जेवले, असं चतुराबाई सांगतात.

डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, गुलाबी फिती बांधल्या, आणि तीन आठवडे त्या लोखंडी कपाटात ठेवल्या. मधल्या काळात एकदाही कुणी डबी उघडली नाही. नारळाचं तेल थोड्याशा गारव्यानंही थिजतं, हे कुठल्याही मराठी घरातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. थंडीत बाटली तव्याशेजारी ठेवूनच सगळे लहानाचे मोठे झालेले. सदाशिवरावांनाही ठाऊक होतं. फक्त त्यांनी जानेवारीत लावायची वस्तू मे महिन्यासाठी तपासली होती.

हळदीकुंकवाच्या आठवड्यात थंडीची लाट आली. दुपारी चार वाजता कालिंदीबाईंनी नवी साडी नेसली, केसांत गजरा माळला आणि सहज एक डबी उघडून बोट लावलं. नख मोडलं. त्यांनी चमचा आणला. चमचा वाकला.

"अहो."

सदाशिवराव आले. त्यांनी अंगठा दाबून बघितला, डबी टेबलावर वाजवून बघितली. नारळ कानाशी धरायची सवय लागली होती म्हणून कानाशीही धरली. "मेण जास्त झालं," ते म्हणाले. चेहरा पडला. "नामंजूर. हे देऊ नकोस, कालिंदी. तीळगूळ दे आणि सांग, वाण राहिलं."

"तुमच्या कारखान्यात माल बाजूला ठेवत असतील. दाराशी आलेल्या सवाष्णीला मी रिकाम्या हातानं पाठवणार नाही." त्यांनी मोडलेलं नख कात्रीनं सरळ केलं. "तुम्ही आत जाऊन बसा. आणि काहीही झालं तरी बाहेर येऊ नका."

हळदीकुंकवाला पुरुषानं घरात थांबायचंच नसतं. पण त्या थंडीत जायचं कुठं, म्हणून सदाशिवराव आतल्या खोलीत पलंगावर, पडद्याआड बसले. बाहेर बायका आल्या. अत्तर, गुलाबपाणी, काळ्या साड्या, तीळगूळ. कुणीतरी उखाणा घेतला, कुणीतरी त्याला नावं ठेवली. मग गुलाबी फिती सुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बोलणं हळूहळू थांबलं. त्या शांततेत नखं खरवडल्याचा आवाज सदाशिवरावांना स्पष्ट ऐकू येत होता. सत्तावीस वर्षं तो आवाज त्यांनी स्वतः काढला होता. दुसऱ्या बाजूनं तो कसा लागतो हे त्यांना आज कळत होतं.

"कालिंदीताई," प्रमोदिनीताईंचा मायाळू आवाज आला, "हे लावायचं कशानं? घरी पटाशी असते म्हणा यांची."

दोघीतिघी हसल्या.

"आणि लावायचं कुठं, चेहऱ्याला की दाराला?" दुसरी कुणी म्हणाली. आता बऱ्याच हसल्या.

कालिंदीबाईंचा आवाज नेहमीपेक्षा उंच लागला. "अस्सल तेल आहे, म्हणून तसं झालंय. भेसळीचं असतं ते मऊ राहतं. शुद्ध व्हर्जिन तेल थंडीत दगडासारखंच होतं. यांनी शास्त्रशुद्ध तपासून केलंय."

 काही जणींना ते पटलं असावं. निम्मं खरं होतंच. पडद्याआड सदाशिवरावांचे कान तापले. बायको त्यांच्यासाठी खोटं बोलत होती. एकोणतीस वर्षांत कधी न बोललेली बाई पंचेचाळीस जणींसमोर आपल्या मालावर खोटी सही करत होती. बसून राहिलं तर तिची अब्रू वाचणार होती. सदाशिवराव दोनदा उठून बसले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा पाय आपोआप पडद्याबाहेर गेले.

काळ्या साड्यांच्या त्या गर्दीत घरचा पायजमा आणि राखाडी स्वेटर घातलेला पुरुष उभा राहिला. कालिंदीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"ती सांगते ते खरं नाही," सदाशिवराव म्हणाले. "तेल चांगलं आहे. तेलाचा काही दोष नाही. मेण पाव भाग पडलं, दहावा भाग पुरे होता. पहिल्यांदा बरोबर जमलं होतं, मी शहाणपणा करून बिघडवलं. मी ते उन्हात तपासलं. थंडीत तपासायचं मला सुचलं नाही. चूक माझी आहे. गाळण्यांचीही माझीच होती. कुंकवाच्या डब्यांचीही. हिनं तिन्ही वेळा फक्त माझ्यावर विश्वास ठेवला."

पंखा बंद होता, तरी कुणीतरी तो बंद केल्यासारखी शांतता झाली. सदाशिवरावांना वाटलं, संपलं. पुढच्या वर्षीपासून या घरात हळदीकुंकू नाही.

प्रमोदिनीताईंनी हातातली डबी हळूच ताटात ठेवली. "भाऊजी, परत म्हणा बरं."

"काय?"

"ते मधलं. चूक कुणाची आहे ते."

"माझी."

प्रमोदिनीताई मागं वळल्या. "ऐकलंत का गं सगळ्यांनी? मागं बसलेल्यांना ऐकू गेलं का?"

"नाही गेलं," दाराजवळच्या एकीनं प्रामाणिकपणे सांगितलं. "भाऊजी, जरा मोठ्यानं."

सदाशिवरावांनी मोठ्यानं सांगितलं. मग उशिरा आलेल्या दोघींसाठी आणखी एकदा. एका म्हाताऱ्या आजींनी पदर डोळ्यांना लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, "त्रेसष्ट वर्षं झाली लग्नाला. आमच्या यांच्या तोंडून हे ऐकायचं राहिलंच होतं बाई." हसू आधी एका कोपऱ्यातून उठलं आणि मग सगळ्या खोलीत पसरलं. ते मघासारखं नव्हतं. कालिंदीबाईंनी डोळे उघडले, नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"आणखी काही कबूल करायचं असेल तर करून घ्या," त्या म्हणाल्या. "बायका अजून बसल्यात."

सदाशिवराव म्हणाले, "डब्या परत आणून द्या. मी वितळवून, तेल वाढवून दुरुस्त करून देतो. प्रत्येकीची."

त्या वर्षी कॉलनीत नऊ जणींचं हळदीकुंकू झालं. कुणी स्टीलच्या वाट्या लुटल्या, कुणी रुमाल. पण कुणी विचारलं की बायका सांगायच्या, कालिंदीताईंकडे जे लुटायला मिळालं ते कुठंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून डब्या यायला लागल्या. सदाशिवराव पातेल्याशी उभे राहून एकेक वितळवत होते, मोजून तेल घालत होते, आणि प्रत्येक डबी भरून झाली की थंडीत मागच्या दाराबाहेर ठेवून बघत होते. चतुराबाई बाजूला बसून वास घेत होत्या. त्यांनी त्या कामाला आता भांड्यांच्या वर जागा दिली होती. बायका ओट्याला टेकून उभ्या राहत, चहा पीत, सदाशिवरावांना प्रश्न विचारत आणि ते उत्तर देताना अडखळले की कालिंदीबाईंना डोळ्यांनी खुणावत. दुपारपर्यंत कालिंदीबाईंनी तीनदा चहा टाकला आणि एकदाही कुरकुर केली नाही.

प्रमोदिनीताई आल्या नाहीत. त्यांची डबी घेऊन त्यांचे यजमान आप्पासाहेब आले. सकाळी फिरायला जाताना त्यांनी सदाशिवरावांना पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, तसं कॉलनीतल्या सगळ्याच पुरुषांनी केलं होतं. आता त्यांनी डबी ओट्यावर आदळली.

"लासूरकर, काय करून बसलात तुम्ही?"

"मेण जास्त झालं."

"मेणाचं नाही विचारलं. आमच्याकडे कालपासून जेवण नाय धड. अठ्ठ्याण्णव साली वैजापूरच्या लग्नात मी पोरांना बसमध्ये विसरलो होतो, ते कबूल करा म्हणते. भाऊजींनी पन्नास बायकांसमोर केलं, तुम्हाला एकटीसमोर का जमत नाही म्हणते."

सदाशिवरावांनी डबीतला दगड भांड्यात टाकला. "मग करा की कबूल."

"मी विसरलो नव्हतो. ती विसरली होती."

 सदाशिवराव ढवळत राहिले. आप्पासाहेब थोडा वेळ त्या वितळणाऱ्या गोळ्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं, चहाचा कप हातात घेतला आणि आवाज खाली आणून विचारलं, "ते बोलायला सुरुवात कशी केलीत म्हणता?"